कमाल, किमान आणि मामांचं वक्कल

बाजारभावाच्या पानावर रोज तीन आकडे छापून येतात : किमान, कमाल, सरासरी. सटाण्यात हे पान वाचणारे लोक ढोबळमानानं दोन प्रकारचे. एकांना त्या आकड्यांमागे शेकडो गाड्यांची पांगापांग दिसते. दुसऱ्यांना आपली गाडी त्यात कुठं बसली एवढंच बघायचं असतं. पुढच्या संवादात या दोघांना मी समोरासमोर बसवलं आहे. मामा इथले, डाळिंबाची बाग आणि उन्हाळ कांद्याची चाळ असलेले. भाची नाशिकला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. दोघंही रचलेली पात्रं. त्यांचा वाद मात्र सटाण्याच्या आसपासच्या कसमादे पट्ट्यात कुठल्याही ओट्यावर ऐकू येईल. भाव, वजनं, टक्के हिशेबापुरते धरलेले आहेत. जिथं सन-तारीख आहे तिथला मजकूर खरा.

मामा : कमाल चोवीसशे छापलाय. माझा कांदा सोळाशेला गेला. हे चोवीसशे मिळाले कुणाला?

भाची : एका वक्कलाला, म्हणजे लिलावातल्या एका ढिगाला मिळाले असतील, फार तर दोन.

मामा : मग छापायचे कशाला? लोक उगाच दुसऱ्या दिवशी गाडी भरून पळतात.

भाची : आवक किती होती?

मामा : पाचशे गाड्या असतील.

भाची : मग त्यात नवल नाही. धरा, सरासरी पंधराशे आणि पांगापांग तीनशेची. म्हणजे तीनातल्या दोन गाड्या बाराशे ते अठराशेच्या आत, आणि दोन्हीकडं जावं तसं गाड्या विरळ. याला प्रसामान्य वितरण म्हणतात, घंटेसारखा आकार. आता यातून पन्नास गाड्या आल्या तर सगळ्यात वरची गाडी साधारण एकवीसशे पंचाहत्तरला जाईल. पाचशे आल्या तर चोवीसशेला. कांदा तोच, घेणारे तेच. जास्त गाड्या आल्या म्हणून एखादी जास्त वर गेली, इतकंच. कमाल भाव हा भावापेक्षा गर्दीचा आकडा आहे.

मामा : पाचशे गाड्या आल्यावर सरासरी पंधराशेच राहते होय?

भाची : तेवढं मी धरलं नाही.

मामा : तेच तर धरायचं असतं. आवक दहापट झाली की व्यापारी दोनशेनं खाली बोलतो. कर आता हिशेब.

भाची : तेराशे सरासरी, पाचशे गाड्या... कमाल बाविसशेच्या आसपास.

मामा : म्हणजे पन्नास गाड्यांच्या दिवशी एकवीसशे पंचाहत्तर आणि आज बाविसशे. पेपरात काय छापणार? 'कमाल भावात किंचित सुधारणा.' आणि बाजारात उभा असलेला जवळपास प्रत्येक जण क्विंटलमागे दोनशेनं मेला.

हा हिशेब भाचीनं केला, पण प्रश्न मामांचा होता, हे नोंदवून ठेवतो. वितरणाचं पुस्तक सरासरी किती आणि पांगापांग किती ते विचारतं. आवक वाढल्यावर सरासरी जागेवर राहते का, हे मात्र बाजारात उभं राहिलेल्याला विचारावं लागतं.

भाची : बरं, डाळिंबाकडं या. व्यापारी सौद्याला येतो तेव्हा किती फळं बघतो?

मामा : कॅरेटमधली आठ-दहा उलटीपालटी करतो. एक-दोन फोडून दाण्याचा रंग बघतो. मग म्हणतो, माल चोख आहे, किंवा तोंड वाकडं करतो.

भाची : समजा बागेत शंभरात पाच फळं डागी. दहा उचलली तर दहाही चोख निघण्याची शक्यता किती? पंचाण्णव टक्के दहा वेळा गुणायचे. साठ टक्के येतात. म्हणजे डाग असूनही पाचातल्या तीन वेळा तो 'चोख' म्हणून जाणार. हे द्विपद वितरण : प्रत्येक फळ चांगलं किंवा वाईट, आणि मोजायचं किती वाईट निघाली ते. साठ फळं बघितली आणि एकही डागी निघालं नाही तर मात्र पाच टक्क्यांपेक्षा कमी डाग आहेत असं बऱ्याच खात्रीनं म्हणता येतं. ढोबळ नियम आहे : जेवढी फळं चोख निघाली त्या संख्येनं तीनाला भागा. साठ फळं, म्हणजे विसात एक. तीनशे फळं, म्हणजे शंभरात एक.

मामा : नियम झकास आहे. फक्त तेल्याला तो माहीत नाही.

भाची : म्हणजे?

मामा : तेल्या रोग फळाफळावर चिठ्ठ्या टाकून येत नाही, बाई. आधी काळपट तेलकट ठिपका, मग त्या ठिपक्यावर ताऱ्यासारखी भेग. तो एका झाडावर आला की पावसाच्या शिंतोड्यानं शेजारच्यावर जातो. छाटणीची कात्री न धुता पुढं नेली की ओळच्या ओळ जाते. माझ्या बागेत उत्तरेच्या कोपऱ्यात तीन ओळी खलास आणि बाकी बाग आरशासारखी. आता एका कॅरेटमधली तुझी साठ फळं बघ. ती सगळी एकाच ओळीतली असणार. एक तर सगळी चोख, नाही तर अर्धी डागी.

भाची : मग ती साठ निरीक्षणं नाहीतच. ते एकच आहे.

मामा : तेच म्हणतोय.

भाची : मग साठ फळं घ्यायचीच, पण वीस कॅरेटमधली तीन-तीन. आणि कॅरेट कुठल्या ओळीतलं ते विचारून.

मामा : विचारून मी खरं सांगेन?

यावर भाची हसली, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नमुना निवडणाऱ्याच्या हातात सगळं असतं हे संख्याशास्त्राला फार आधीच कळलं, आणि कळायला शेतीच कारणी लागली. साताऱ्यातल्या बुध गावात १९११ साली जन्मलेले पां. वा. सुखात्मे हे त्यातलं मोठं मराठी नाव. लंडनहून पदवी घेऊन आल्यावर त्यांनी देशातल्या पिकांचा अंदाज काढण्यासाठी पीक कापणी प्रयोगांची घडी बसवली. तोवर उत्पादनाचा अंदाज म्हणजे महसूल खात्यातल्या माणसाची नजर आणि आणेवारी. त्याऐवजी शेतं यदृच्छेनं निवडायची, शेतातला तुकडाही यदृच्छेनंच आखायचा, कापायचा, तोलायचा. कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबिस हेच काम छोट्या तुकड्यांनी करत होते, कारण ते स्वस्त पडतं. सुखात्म्यांचं म्हणणं होतं की तुकडा जितका लहान, तितकी कडेवरची रोपं आत ओढली जातात आणि उत्पादन फुगून दिसतं. दोन मोठ्या माणसांमधला हा वाद चांगलाच रंगला. वाद गणिताचा कमी आणि दोरीच्या आत रोप मोजायचं की बाहेर, याचा जास्त होता. आजही पीक विम्याची भरपाई ज्या उंबरठा उत्पादनावरून ठरते, त्याच्या मुळाशी हीच दोरी आहे.

मामा : ती दोरी मी बघितली आहे. बाजरीला आले होते. गट नंबर वरून ठरून आला होता.

भाची : वरून ठरून येतो तेच बरं. तुम्ही ठरवलात तर सगळ्यात पडीक तुकडा दाखवाल, आणि विमा कंपनीनं ठरवला तर विहिरीकाठचा.

मामा : आणि महसूल मंडळाची सरासरी काढून काय होणार? सरासरी कुणाच्या शेतात पिकते?

भाची : कुणाच्याच नाही. ते मान्य. पण वितरण म्हणजे नुसती सरासरी नव्हे, हेच तर सांगायचंय. फळाच्या वजनाचंच घ्या. तुमच्या बागेत सरासरी अडीचशे ग्रॅम, पांगापांग पन्नास ग्रॅमची. तीनशेच्या वरची फळं किती? शंभरात सोळा. साडेतीनशेच्या वरची? दोन-सव्वादोन. आता विरळणी करून सरासरी फक्त पंचवीस ग्रॅमनं वाढवली. दहा टक्के. तीनशेच्या वरची किती होतील?

मामा : सोळाची अठरा होतील.

भाची : एकतीस. आणि साडेतीनशेच्या वरची दोनाची जवळपास सात.

मामा : तिप्पट?

भाची : तिप्पट. कारण घंटेचा कडेचा भाग पातळ असतो. अख्खी घंटा जरा सरकली की मधल्या गर्दीतली फळं रेषेपलीकडं जातात. आणि तुमचा पैसा मधल्या फळांत नाही, त्या कडेच्या फळांत आहे. व्यापारी साइज लावून भाव देतो ना?

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणून आमचे वडील झाडावरची फळं खुडायला लावायचे. आई ओरडायची, लेकरासारखी फळं तोडता म्हणून." भाचीला या ठिकाणी जिंकल्यासारखं वाटलं असणार. मला विचाराल तर संपूर्ण वादात तिचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच. इथं एक फळ मोठं झालं म्हणून दुसरं मोठं होत नाही, हजारो फळं आहेत, प्रत्येकावर पाणी, खत, ऊन, फांदीची जागा अशा शंभर बारीक गोष्टींचा थोडाथोडा परिणाम आहे. घंटेचा आकार अशाच ठिकाणी शोभतो.

गारपिटीवर आले तेव्हा मात्र गाडी पुन्हा घसरली.

मामा : गेल्या साली गारा पडल्या. आता दोन-तीन वर्षं निवांत.

भाची : ढगाकडं तुमचं खातं आहे का? समजा आपल्या शिवारावर पाच वर्षांत सरासरी एकदा गारपीट. कधी येईल त्याचा नेम नाही, आणि मागच्या खेपेचा पुढच्याशी संबंध नाही. अशा तुरळक घटनांना पॉयसाँ वितरण लागू पडतं. यंदा निदान एकदा येण्याची शक्यता अठरा टक्के. गेल्या साली आली असो की दहा वर्षं आली नसो, अठराच.

मामा : मग लागोपाठ दोन वर्षं कुणाला का बसते?

भाची : बसायचीच. आपल्यासारखी शंभर शिवारं घ्या. दहा वर्षांत तेरा-चौदा शिवारांत एकदाही गार पडणार नाही; तिथले म्हणतील, आमच्या गावदेवीची कृपा. आणि तेवीस शिवारांत कधी ना कधी लागोपाठ दोन वर्षं पडेल. ते म्हणतील, आमच्यावर कोप. दोघांचा देव वेगळा नाही, आकडा एकच आहे. लंडनचं उदाहरण देते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचे उडते बॉम्ब पडले तेव्हा लोकांना वाटायचं, ठरावीक वस्त्या हेरून मारतायत. क्लार्क नावाच्या विमा गणितज्ञानं १९४६ साली दक्षिण लंडनचे पाव-पाव चौरस किलोमीटरचे ५७६ चौकोन पाडून मोजणी छापली. एकूण ५३७ बॉम्ब. २२९ चौकोनांत एकही नाही, २११ मध्ये एक, ९३ मध्ये दोन, ३५ मध्ये तीन, आठांत चार किंवा जास्त. पॉयसाँच्या सूत्रानं किती यायला हवे होते? २२७, २११, ९९, ३१ आणि ९. हेरणं-बिरणं काही नव्हतं.

मामा : बॉम्बाला ऋतू नसतो.

भाची : नसतो.

मामा : गारेला असतो. फेब्रुवारी ते एप्रिल, दुपार टळल्यावर. आणि बॉम्ब एकेक पडतो. गारा पट्टा धरून पडतात. माझी बाग गेली म्हणजे पट्ट्यातल्या दहाही जणांची गेली. ते दहा शेतकरी म्हणजे दहा वेगळे डाव नव्हेत, एकच डाव. २०१४ आठव. फेब्रुवारी सरता सरता सुरू झालं ते मार्चच्या मध्यापर्यंत. तालुका कसला, अर्धा महाराष्ट्र झोडपला.

भाची : विमा कंपन्यांचंही दुखणं हेच. त्यांचा सगळा डाव हजार बागा हजार वेगवेगळ्या नशिबांच्या असण्यावर. सगळ्या एकदम गेल्या की त्यांचंही वितरण कोसळतं.

मामा : त्यांचं कोसळलं तर सरकार आहे. माझा हप्ता पाच टक्के, हवामानाचं यंत्र मंडळाच्या गावी, आणि गार माझ्या बांधावर. गारेसाठी जादा हप्ता भरला असेल तरच पंचनामा, आणि तोही बहात्तर तासांत कळवलं तर. तेव्हा वीज गेलेली असते आणि मोबाइलही बंद पडलेला असतो.

भाची : तरी विमा घ्याच. अठरा टक्के शक्यता आणि पडली तर निम्मी बाग गेली असं धरलं तरी वर्षाला नऊ टक्क्यांची जोखीम आहे. तुम्ही पाच भरता, वर गारेचा जादा हप्ता.

मामा : घेतो. पण माझा खरा विमा तो नाही. मी बहारच बदलतो. हस्त धरला तर फळ नेमकं गारेच्या दिवसांत झाडावर. म्हणून मी मृग धरतो, थंडीत माल काढून मोकळा.

भाची : आणि मृगाला पावसात तेल्या.

मामा : तेल्या. आणि आंबे बहार धरला तर उन्हाळ्यात पाणी कुठून आणू? तिन्हीत काहीतरी आहेच. पण तिन्हींतलं कुठलं अंगावर घ्यायचं ते मी ठरवतो. तेल्याशी मला निदान कात्री धुऊन भांडता येतं. गारेशी काय भांडू?

हे वाक्य पाठ्यपुस्तकात घालावं असं आहे. भाची दिलेल्या वितरणातून शक्यता काढते. मामा आधी कुठल्या वितरणात उतरायचं ते निवडतात, आणि निवडताना सरासरी नुकसान न बघता आपल्याला हात घालता येईल की नाही ते बघतात. इथल्याच बागलाण तालुक्यातल्या अर्ली द्राक्षवाल्यांचं तेच : बाकी जिल्ह्याच्या आधी छाटणी करून आधी माल काढायचा, चढा भाव घ्यायचा, आणि त्या बदल्यात परतीचा पाऊस अंगावर ओढवून घ्यायचा. याला कुणी जुगार म्हणत असेल तर म्हणो. निदान टेबल त्यांनी स्वतः निवडलेलं आहे.

कांद्याच्या भावाचं मात्र तसं नाही, आणि तिथं दोघांचं जमलं ते दुसऱ्याच कारणानं.

भाची : भावाला घंटा बसत नाही. भाव शून्याच्या खाली जात नाही, पण वर कितीही जातो. त्यामुळं उजवीकडं लांब शेपटी असते. चार वर्षं रडतखडत आणि पाचव्या वर्षी एकदम दणका. पाच वर्षांचे भाव धरा : आठशे, बाराशे, सोळाशे, चोवीसशे, चार हजार. सरासरी दोन हजार, पण पाचांतल्या तीन वर्षी त्याहून कमी.

मामा : चार हजारचं वर्ष मला कुठं बघायला देतात? २०१९च्या सप्टेंबरात निर्यातबंदी. २०२०च्या सप्टेंबरात पुन्हा. २०२३च्या ऑगस्टात चाळीस टक्के शुल्क, आणि डिसेंबरात सरळ बंदी, ती उठली मे २०२४ मध्ये. तीही पुन्हा शुल्क ठेवून. भाव चढला की दिल्ली जागी होते. पडला की कुणी फिरकत नाही.

भाची : पडल्यावर सरकारी खरेदी असते की.

मामा : असते. चाळीत किती कांदा आहे आणि त्यातला किती उचलतात, ते मोज आणि मग बोल.

भाची : बरं. तुमच्या म्हणण्याचा हिशेब करते. शेपटी दोन हजारावर छाटली. आठशे, बाराशे, सोळाशे, दोन हजार, दोन हजार. सरासरी पंधराशे वीस.

मामा : म्हणजे चौथा हिस्सा गेला.

भाची : हो. तुमच्या वाईट वर्षांना कुणी हात लावला नाही, तरी सरासरी चोवीस टक्क्यांनी पडली. आणि यात संभाव्यतेचा संबंधच नाही. बंदी कधी येईल हे चिठ्ठ्या टाकून ठरत नाही. कुणीतरी बसून ठरवतं, आणि भाव बघूनच ठरवतं. फ्रँक नाइट नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९२१ साली हा फरक मांडला होता : जिथं शक्यता मोजता येते ती जोखीम, जिथं मोजताच येत नाही ती अनिश्चितता. गार जोखीम आहे. बंदी अनिश्चितता.

मामा : मला तर उलटं वाटतं. गारेचं मला काही कळत नाही. बंदीचं कळतं. निवडणूक जवळ आली आणि शहरात कांदा महागला की मी ट्रॅक्टर जुंपतो.

भाची : हे गणितात बसवायला अवघड आहे.

मामा : बसवू नकोस. लक्षात ठेव.

मामांच्या बाजूनं इथं थोडं झुकतं माप पडतंय हे मला दिसतं. पण त्यांच्या अंदाजाचीही नोंद कुठं नाही. ट्रॅक्टर जुंपला आणि बंदी आलीच नाही, भाव आणखी वर गेला, असं किती वेळा झालं? ती वर्षं मामा मोजत नाहीत. भाचीनं तेच बोट ठेवलं.

भाची : आणि जुंपल्यावर बंदी न आलेली सालं?

मामा : असतील दोन-चार.

भाची : वही कुठाय?

मामा : वहीत विकलेलं असतं, न मिळालेलं नसतं. हे बघ, आता चाळीचं ठरव. सगळा काढू की थांबू?

भाची : तीन हिश्शांत काढा. आता एक, महिन्यानं एक, दिवाळीच्या आधी एक. सरासरी भाव त्यानं वाढणार नाही, पण सगळाच कांदा सगळ्यात वाईट दिवशी विकला असं होणार नाही.

मामा : तीन महिन्यांचे भाव एकमेकांना धरूनच चालतात. या महिन्यात पडलेला पुढच्या महिन्यात एकदम उठत नाही. मग तीन हिस्से कशाचे?

भाची : म्हणून फायदा कागदावरच्यापेक्षा कमी. पण काहीच नाही असं नाही.

मामा : आणि थांबलं की सडतो. वजन घटतं ते वेगळं, कोंब फुटतात ते वेगळे. तिथंही तुझं फळाफळाचं गणित चालत नाही. एक नासला की त्याचा पाझर खालच्या दहांना घेतो.

भाची : ते आता माहीत झालंय. म्हणून चाळीच्या तोंडाशी चार कांदे दाबून बघू नका. दर आठवड्याला मधून, तळातून, दोन्ही टोकांकडून थोडे-थोडे काढा, मोजा, लिहा.

मामा : मधनं काढायला ढीग उपसावा लागतो. उपसला की साल सुटते, भाव पडतो. पट्ट्यांच्या खाली वाकून वास घ्यायचा. जिथं वास, तिथं बघायचं.

भाची : मग वास आलेली जागा तरी वहीत लिहा, तारखेसकट.

मामा : लिहितो. पण पहिला हिस्सा कुठला काढायचा ते मी सांगणार. पश्चिमेकडच्या टोकाला कालपासून वास आहे. ते आधी निवडून काढू, नासकी खाद बाजूला, बारीक गोल्टी बाजूला. उरेल त्याचे कर तू तीन हिस्से.

भाची : उरेल त्याचे केले तर पहिल्या गाडीचा भाव कमी येईल आणि तुम्ही म्हणाल, बाजार पडला.

मामा : म्हणेन. तेव्हा तू वही दाखव.